फ्लॅट दोघांच्या नावावर, सोनं सासूच्या लॉकरमधे आणि नवरा म्हणतो सगळं मिळून २० लाख घे, सही करू का?

चिंचेची_सावली

नमस्कार, बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, आज लिहायला बसले कारण पुढच्या आठवड्यात सही करायचीये आणि रात्री झोप लागत नाहीये.

लग्नाला १३ वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. गेलं सव्वा वर्ष मी तिला घेऊन आईकडे चिंचवडला राहतेय आणि तो वाकडच्या फ्लॅटमधे. मारहाण, व्यसन असलं काही नव्हतं, हळूहळू दोघांत बोलण्यासारखं काही उरलंच नाही. दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि म्युच्युअलने, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं, इथपर्यंत सगळं शांतपणे झालं. मग पैशाचा विषय निघाला.

फ्लॅट २०१४ ला घेतला, ॲग्रीमेंट ४८ लाखाचं, दोघांच्या नावावर. डाउन पेमेंटला माझ्या लग्नातल्या पाटल्या आणि बांगड्या मोडून अडीच लाख आले ते आणि माझी दोन लाखाची एफडी असे साडेचार लाख मी घातले, बाकीचे त्याचे आणि थोडे सासऱ्यांचे. पहिली दोन वर्षं अर्धा हप्ता माझ्या पगारातून जायचा. २०१६ ला मुलगी झाली, सासूबाईंचे गुडघे गेलेले, माझी आई तेव्हा बाबांच्या आजारपणात, पाळणाघरात तीन महिन्याचं बाळ ठेवायचं कोणाच्याच मनात नाही, म्हणून मी नोकरी सोडली. "दोन वर्षांनी बघू" म्हणून सोडली ती सोडलीच. त्यानंतरचे सगळे हप्ते त्याच्या खात्यातून गेलेत. आज फ्लॅटला ९५ लाख येतील असं तिथला एजंट म्हणतो, लोन १९ लाख बाकी आहे. त्याचा हातात येणारा पगार १ लाख ४० हजार. मी गेल्या वर्षीपासून जवळच्या बालवाडीत जाते, १४ हजार मिळतात.

आता त्याच्या वकिलांनी कन्सेंट टर्म्सचा (दोघांनी मान्य करायच्या अटींचा) ड्राफ्ट पाठवलाय. त्यात एकरकमी २० लाख मला, त्याबदल्यात फ्लॅटवरचं नाव मी काढायचं, पुढे माझ्यासाठी किंवा मुलीसाठी कसलीही पोटगी मागायची नाही, आणि एक ओळ आहे की "पत्नीस तिचे सर्व स्त्रीधन मिळालेले आहे." ते मिळालेलं नाहीये. साधारण १८ तोळे सासूबाईंच्या लॉकरमधे आहे, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात "घरात कशाला ठेवतेस" म्हणून नेलं ते तिथेच.

तो म्हणतो हप्ते मी भरले, फ्लॅट माझा, २० लाख मी माणुसकीने देतोय. बाबा म्हणतात घे आणि मोकळी हो, कोर्टाच्या पायऱ्या चढू नकोस. म्हापशाची एक मैत्रीण आहे, ती ठामपणे सांगते की कायद्याने अर्धं तुझंच आहे, त्यात मागायचं काय. आणि त्याचे वकील म्हणतात दोघांचं काम मीच बघतो, तुम्हाला वेगळा खर्च नको.

कोणाचं खरं मानू? मला त्याला लुटायचं नाहीये. पण मुलीला घेऊन मला कुठेतरी राहायचंय.

सांगलीची_ताई

सही करू नकोस. आधी हे वाच मग बाकीचं.

माझं २०१८ ला झालं. मलाही सगळ्यांनी मोकळी हो मोकळी हो केलं आणि मी झाले. एकरकमी त्याच्याकडे नव्हते म्हणून महिना १२ हजार असं टर्म्समधे लिहिलं, माझे आणि मुलाचे मिळून. सात महिने आले. आठव्या महिन्यात "नोकरी बदलतोय, पुढच्या महिन्यात दोन्ही देतो". मग फोन उचलणं बंद. मग कोर्टात दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावायची, वकिलाची फी, तारीख, समन्स त्याला मिळतच नाही कारण त्याने पत्ता बदललेला, शेवटी कंपनीतून पगार कापून घ्यायचा हुकूम मिळाला तोपर्यंत दीड वर्ष गेलं आणि थकलेल्या पैशातले अर्धे मी वकिलाला दिलेले होते.

आणि दुसरं, टर्म्समधे दरवर्षी वाढ लिहिलीच नव्हती. तेव्हा मुलगा पहिलीत होता, १२ हजारात भागायचं. आता तो आठवीत आहे, शाळेची बसच महिन्याला दोन हजाराची झालीये. वाढ मागायला परत वेगळा अर्ज, परत वेगळी तारीख. हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर एक ओळ वाढवायला किती वेळ लागला असता गं.

तेव्हा पोरीचा जो काही आकडा ठरेल त्याच्यापुढे "दरवर्षी इतके टक्के वाढ" हे लिहून घे. आणि त्याच्या वकिलाकडून तुझं काम अजिबात करून घेऊ नकोस. तो माणूस चांगला असेल, पण फी कोण देतंय ते बघ.

काळा_कोट_पुणे

मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. तुमची कागदपत्रं बघितल्याशिवाय शेवटचं काही सांगता येणार नाही हे आधीच सांगते, पण ड्राफ्टमधे जे केलंय ते रोज बघते म्हणून सविस्तर लिहितेय.

त्यांनी तीन वेगळे हिशोब एका आकड्यात कोंबलेत. तुमचं स्वतःचं आहे ते एक, दोघांचं आहे ते दुसरं, आणि पोटगी तिसरी. २० लाख हा आकडा मोठा वाटतो तो यामुळे. वेगवेगळे मांडा आणि मग बघा.

स्त्रीधन आधी. माहेरहून, सासरहून, पाहुण्यांकडून लग्नात आणि नंतर तुम्हाला अंगावर घातलेलं सोनं तुमचं एकटीचं आहे. सुप्रीम कोर्टाने १९८५ मधे प्रतिभा राणीच्या केसमधे स्पष्ट सांगितलंय की ते सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी ते फक्त सांभाळणारे आहेत, मालक नाहीत. त्यामुळे ते "देण्याघेण्यात" धरायचंच नाही, आधी परत घ्यायचं. "स्त्रीधन मिळालेले आहे" ही ओळ लॉकर उघडून तोळे तुमच्या हातात पडेपर्यंत कागदावर राहता कामा नये. यावर सही केल्यावर मग रडत आलेल्या कितीतरी जणी मी बघितल्यात आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

आता फ्लॅट. तुमची मैत्रीण म्हणते तसं "लग्न झालं म्हणून अर्धं" असं महाराष्ट्रात नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ मधे कलम २७ आहे पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं, लग्नानंतर कमावलेली मालमत्ता निम्मी करा असं सांगणारं कलमच त्यात नाहीये. (माझ्या मते असायला हवं, पण नाहीये.) मात्र तुमच्या बाबतीत तुमचं नाव ॲग्रीमेंटवर आहे, तुम्ही सहमालक आहात, बायको म्हणून नव्हे तर मालक म्हणून बोलायचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ४५ सांगतं की दोघांनी पैसे घालून घेतलं तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर हिस्से सारखे धरायचे. म्हणजे तो "हप्ते मी भरले" म्हणून पासबुकं काढणार, तेव्हा तुमच्याकडे साडेचार लाख आणि दोन वर्षांच्या अर्ध्या हप्त्यांचे कागद हवेत. सोनं मोडल्याची सराफाची पावती, एफडी मोडल्याची नोंद, तुमच्या खात्यातून बिल्डरला किंवा त्याच्या खात्यात गेलेले पैसे. जुनं स्टेटमेंट बँकेत लेखी अर्ज करून मागता येतं, थोडी फी घेतात, पण जितकं जुनं तितकं अवघड होत जातं म्हणून आजच जा.

नोकरी सोडून घर आणि मूल सांभाळलंत त्याचं काय, हा तुमच्या पोस्टमधे न विचारलेला प्रश्न आहे. मद्रास हायकोर्टाने २०२३ मधे एका केसमधे म्हटलं की नवरा कमवू शकला कारण बायकोने घर सांभाळलं, त्यामुळे त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही बरोबरीचा वाटा आहे. आपल्याकडच्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही पण मांडता येतो, आणि समोरासमोर बसून बोलणी करताना तर नक्कीच मांडावा.

साधा हिशोब करा. ९५ मधून लोनचे १९ गेले, ७६ उरले. निम्मे ३८ लाख. समजा तुमचा हिस्सा निम्म्यापेक्षा कमी धरला, तिसरा हिस्सा धरला, तरी २५ च्या वर जातो. म्हणजे ते जे २० लाख देतायत त्यात तुमच्या फ्लॅटच्या हिश्श्याचेच पैसे पूर्ण नाहीत, पोटगीचा त्यात एक रुपया नाही. माणुसकी वगैरे शब्द त्यात कुठे बसतात ते मला दिसत नाही.

तिसरी पोटगी. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मिळते, ती दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, राहणीमान, लग्न किती वर्षं टिकलं, मूल कोणाकडे हे बघून ठरते. ठरलेला फॉर्म्युला नाही. २०१७ मधे कल्याण डे चौधरी केसमधे सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के हे बायकोच्या पोटगीसाठी योग्य धरलं होतं, तेव्हापासून सगळे तो आकडा वापरतात. तुमच्या केसमधे ते ३५ हजार होतात. तुमचे १४ हजार त्यात विचारात घेतील, पण १४ हजार मिळतात म्हणून पोटगी नाहीच असं होत नाही. आणि तो स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता पगारातून वजा करून दाखवेल, कोर्ट सहसा ते मान्य करत नाही कारण त्यातून त्याचीच मालमत्ता तयार होतेय. तुलनेसाठी, २० लाखाची एफडी सात टक्क्याने केली तर महिन्याला साधारण साडेअकरा हजार व्याज येतं. वाकड सोडा, चिंचवडमधे दोन खोल्या तरी येतील का त्यात?

मुलीची पोटगी पूर्णपणे वेगळी ठेवा. तो तिचा हक्क आहे, तुम्ही तिच्या वतीने तो कायमचा सोडून देऊ शकत नाही, तसं लिहिलं तरी उद्या तिच्यासाठी मागता येतं. तरी ती ओळ काढायलाच लावा, उगाच पुढे भांडायला निमित्त नको. त्यांची गावाला वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यातला मुलीचा जन्मापासूनचा हक्कही तुमच्या घटस्फोटाने जात नाही. बायकोला नवऱ्याच्या हयातीत त्या जमिनीत स्वतःहून हिस्सा मागता येत नाही, पण मुलीला येतो.

वकील वेगळा घ्या. पैशाची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट, पोटगी, मालमत्तेच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे. बाबांना हे वाचून दाखवा, त्यांना बहुतेक खर्चाचीच भीती वाटत असेल.

म्हापशेकर

मैत्रीण म्हापशाची आहे म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. ती खोटं सांगत नाही हो, ती आमच्याकडचं सांगतेय.

गोव्यात अजून १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल (आणि तो फारसं कोणी करत नाही) तर लग्नाच्या दिवसापासून दोघांची सगळी मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा अविभाजित हिस्सा. कोणी कमावलं, कोणाच्या नावावर, हप्ता कोणी भरला, काही विचारत नाहीत. नवऱ्याला घर किंवा प्लॉट विकायचा झाला तर सेल डीडवर बायकोची सही लागतेच. म्हणून आमच्याकडच्या बाईला "नाव आहे का ॲग्रीमेंटवर" हा प्रश्नच विचित्र वाटतो.

पण ते सगळं गोड आहे असंही नाही. माझ्या बहिणीचा घटस्फोट झाला तेव्हा वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणीचं प्रकरण) लावली. निम्मं म्हणजे वारशाने आलेलंही त्यात येतं, आणि मेव्हण्याच्या वडिलांचं जुनं घर, त्यात सात चुलत भावांचे हिस्से, अर्धेजण मुंबईत, एक लिस्बनला, प्रत्येकाला नोटीस, प्रत्येकाचं म्हणणं. चार वर्षं गेली. आणि निम्मं म्हटलं की संसारासाठी काढलेलं कर्जही निम्मं, त्याने टॅक्सीसाठी घेतलेल्या कर्जाचा वाटा तिलाही आला. तरी एक सांगतो, त्या चार वर्षांत कोणी तिला "आम्ही माणुसकीने देतो" असं म्हणू शकलं नाही. देणं होतं ते. ती कोर्टात मान खाली घालून बसली नाही कधी.

तुमचं लग्न पुण्यातलं, माणसं पुण्यातली, तर आमचा कायदा तुम्हाला लागू नाही. वरच्या वकीलबाई सांगतात तसंच करा.

एक_बाप_४४

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे देणारा. तीन वर्षांपूर्वी म्युच्युअल झालं, मुलगा तिच्याकडे, फ्लॅट मी ठेवला आणि तिच्या हिश्श्याचे पैसे दिले. तुमच्या नवऱ्यासारखंच मलाही आधी वाटायचं की हप्ते मी भरलेत, मग हिला कशाचे द्यायचे. काउन्सेलर मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, मुलगा आजारी असायचा तेव्हा तुम्ही ऑफिसला कसे जायचात. मी दोन दिवस त्याचा विचार करत होतो. मग आकडा वाढवला.

पण मी लिहितोय ते वेगळ्या कारणाने, व्यवहारात कुठे अडकतं ते सांगायला.

पहिलं म्हणजे बँक. तुमच्या कन्सेंट टर्म्समधे "लोन पती फेडेल" लिहिलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही. लोनच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत, त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याही मागे येणार, सिबिल तुमचाही बिघडणार, उद्या तुम्हाला छोटं घर घ्यायचं झालं तर लोन मिळायचं नाही. माझ्या वेळेस बँकेने एकट्याच्या पगारावर लोन परत तपासलं, बसेना, मग वडिलांना सहकर्जदार घेतलं तेव्हा कुठे तिचं नाव निघालं. तीन महिने लागले याला. म्हणून "बँकेचं तुमचं नाव काढल्याचं पत्र" हातात आल्याशिवाय फ्लॅटचा हक्क सोडू नका.

दुसरं स्टॅम्प ड्युटी. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक संस्थेचा एक टक्का वगैरे पडतो. डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) झाली की तुम्ही नवरा-बायको राहत नाही, मग ही सवलतही राहत नाही आणि हिश्श्याच्या किमतीवर लाखात ड्युटी बसू शकते. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. डिक्री झाल्यावर सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो तेव्हा कळलं, आणि तो भुर्दंड माझ्या खिशातून गेला.

आणि एक छोटी गोष्ट, तुम्ही आणि मुलगी त्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधे असाल. डिक्रीनंतर तुमचं नाव निघणार, मुलीचं राहू शकतं. तिचं राहील हे लिहून घ्या आणि स्वतःची पॉलिसी आधीच काढून ठेवा, कारण नवीन पॉलिसीला आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड असतो. माझ्या मुलाच्या आईला थायरॉइड आहे, तिची पॉलिसी आम्ही दुसऱ्या मोशनच्या (संमतीच्या अर्जावरच्या शेवटच्या सुनावणीच्या) आधीच काढली. हे मी तिला सांगितलं याचं मला आजही बरं वाटतं.

चिंचेची_सावली

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, काय बोलू. दोनदा वाचलं आणि बाबांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले, थोड्या वेळाने येऊन म्हणाले वकील बघूया.

बँकेत जाऊन आले. माझं जुनं सॅलरी अकाउंट होतं त्यांनी २०१४ चं स्टेटमेंट द्यायला आठ दिवस मागितलेत, पण मिळेल म्हणाले. एफडीची पावती नाही, पण ती मोडली ती नोंद त्यात दिसेल. सराफाची पावती मात्र नाहीये.

दोन गोष्टी विचारायच्यात. दादांनी लिहिलंय की स्टॅम्प ड्युटीसाठी डिक्रीच्या आधी फ्लॅटचे कागद करा, पण मग मी आधी नाव काढलं आणि नंतर त्याने पैसेच दिले नाहीत किंवा म्हणाला मला घटस्फोटच नको तर? आणि एकरकमी चांगलं की महिन्याला? तो म्हणतो महिन्याला घेतलंस तर टॅक्स बसेल.

काळा_कोट_पुणे

टॅक्सचं तो बरोबर सांगतोय, खरं आहे ते खरं. एकरकमी पोटगी भांडवली रक्कम धरतात, त्यावर टॅक्स नाही, महिन्याची उत्पन्नात धरतात. मुंबई हायकोर्टाचा ऐंशीच्या दशकातला, प्रिन्सेस महेश्वरी देवींच्या केसमधला निकाल आहे, अजून तोच दाखला देतात. पण तुमचं बाकी उत्पन्न बघता तो मुद्दा तुमच्यासाठी फार मोठा नाही. सांगलीच्या ताईंनी लिहिलंय ते वसुलीचं दुखणं त्यापेक्षा मोठं आहे. मी स्वतः बहुतेक वेळा असं सुचवते की बायकोचं एकरकमी, आणि मुलीचं दर महिन्याला, वार्षिक वाढीसह, शाळा-कॉलेजची फी वेगळी लिहून. मुलीचं एकरकमी घेतलं तर आज नऊ वर्षांच्या मुलीला इंजिनिअरिंगला किती लागतील हे आज कोण सांगणार.

तुमची भीती योग्य आहे. पहिल्या मोशननंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरं मोशन असतं, आणि तोपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सुरेष्टा देवी केसमधे १९९१ लाच सुप्रीम कोर्टाने ते सांगितलंय. हे सहा महिने माफही होतात, २०१७ चा अमरदीप सिंगचा निकाल आहे, पण त्यासाठी अर्ज करण्याआधी दोघं सहसा दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पोटगी, ताबा, मालमत्ता सगळं मिटलेलं असावं लागतं. तुमचं सव्वा वर्षच झालंय. त्यामुळे घाई त्याला असेल तर असू दे, तुम्हाला नाहीये.

पैसे आणि सही एकमेकांत गुंफायचे. पहिल्या मोशनच्या वेळी काही रक्कम आणि सगळं स्त्रीधन, लॉकर उघडून, यादी करून, दोघांच्या सह्यांनी. उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या मोशनच्या आधी तयार करून कोर्टात जमा. बँकेचं पत्र आलं की दुसऱ्या मोशनच्या एक-दोन दिवस आधी सब-रजिस्ट्रारकडे फ्लॅटचा दस्त, म्हणजे तुम्ही अजून पत्नी आहात आणि पैसे मात्र कोर्टात सुरक्षित आहेत. दस्ताची भाषा तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, पैसे घेऊन दिलेलं आणि बक्षीस दिलेलं यात फरक आहे आणि रजिस्ट्रारचा त्यावर प्रश्न येऊ शकतो. दर तपासायला तिथे आधी एकदा विचारून या.

आणि तो हे काहीच मान्य करत नसेल तर तुमच्याकडे कलम २४ ची अंतरिम (दावा चालू असतानाची) पोटगी आहे. ती लावली की २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंटसकट. म्युच्युअलमधे कोर्ट ते स्वतःहून मागेलच असं नाही, तेव्हा तुम्ही आत्ता बोलणीतच मागा. मला तर ते न बघता कोणताही आकडा मान्य करायची हिंमत होत नाही.

सराफाची पावती नसेल तर त्या दुकानात जाऊन विचारा. जुन्या दुकानांकडे खरेदीची वही असते. नाहीच मिळालं तर तुमच्या खात्यात त्या तारखेला आलेले अडीच लाख आणि त्याच आठवड्यात बिल्डरला गेलेला चेक, एवढंही बरंच काही सांगून जातं.

सांगलीची_ताई

सोन्याची यादी करायला लग्नाचा अल्बम काढ गं. मी माझी तशीच केली होती. सप्तपदीच्या, विहिणीच्या पंगतीच्या, पाठवणीच्या फोटोत सगळं दिसतं. आईला जवळ बसव, तिला प्रत्येक दागिना कोणी दिला ते पाठ असतं.

चिंचेची_सावली

केलं. रविवारी दुपारी आई आणि मी अल्बम घेऊन बसलो, मुलगी मधेमधे येऊन "ही आजी का? किती बारीक होतीस" करत होती. १८ नाही, २१ तोळे निघाले. आजीने दिलेली मोहनमाळ मी विसरलेच होते. ती दोनच फोटोत दिसते, एकात पदराखाली अर्धी. आईने वहीत लिहून ठेवलंय, कोणी दिलं, किती तोळ्याचं, फोटो कितवा.

वकीलबाईंना भेटायला बुधवारी जातोय, बाबा येतायत बरोबर. त्याला मेसेज केलाय की या आठवड्यात सही होणार नाही. त्याने वाचलाय, उत्तर आलेलं नाही अजून.

मोहनमाळेची पावती कुठेच नाही, आजीही नाही आता. ती यादीत धरू का?

काळा_कोट_पुणे

धरा. दोन्ही फोटो लावा, आणि आईचं प्रतिज्ञापत्र करून घ्या की ती माळ तिच्या आईने तुम्हाला लग्नात घातली. बुधवारी वही तशीच घेऊन या, परत नीट लिहून काढत बसू नका, आईच्या अक्षरातलीच असू दे.